गळतीचे वीजबिल

कर्जत तालुक्यात पाणी दोन उलट दिशांनी प्रवास करते. पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावरच्या ठोकरवाडीच्या जलाशयातून निघालेले पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली येऊन भिवपुरीच्या वीजघरातली जनित्रे फिरवते आणि पेज नदीत पडते. हे १९२२ पासून चालू आहे. शेजारच्या खालापूर तालुक्यातले खोपोलीचे वीजघर त्याहून जुने, १९१५ चे. तिथले पाणी पाताळगंगेत जाते. तालुक्याच्या पश्चिमेला मात्र पाणी वर चढते. नेरळजवळ उल्हास नदीतून उपसलेले पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने माथेरानच्या डोंगरावर नेले जाते, कारण एकट्या शार्लोट तलावावर गाव आणि पर्यटक यांची तहान भागत नाही.

या चढ-उताराचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही मांडता येतो. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले की वीजघराला एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. तेवढेच पाणी सातशे मीटर वर चढवायचे, तर पंप आणि मोटार चांगल्या स्थितीत असूनही तीन युनिटांच्या आसपास वीज लागते. आता समजा, डोंगरावर पोहोचलेल्या पाण्यातले तीस टक्के नळापर्यंत जाण्याआधीच जमिनीत मुरले. मग लोकांच्या हंड्यात एक हजार लिटर पडण्यासाठी चौदाशेहून अधिक लिटर चढवावे लागतात आणि तीन युनिटांचे सव्वाचार युनिट होतात. गळलेले पाणी निदान डोंगरउतारावरून पुन्हा नदीला मिळते. वीज कुठेच परत मिळत नाही.

माथेरानचे उदाहरण टोकाचे आहे, म्हणून चटकन पटते. सपाटीवरच्या कर्जत, खोपोली, खालापूर किंवा नेरळमध्ये उंची कमी असते. नदीवरून शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून जलकुंभात पाणी चढवायला एकूण साठेक मीटर धरले, तर हजार लिटरमागे जेमतेम पाव युनिट लागते. हा आकडा इतका किरकोळ वाटतो, की त्याच्याकडे कुणी पाहत नाही. पण रोज पन्नास लाख लिटर उपसणाऱ्या एखाद्या शहरात त्याचे दिवसाला साडेतेराशे युनिट होतात. त्यातले तीस टक्के पाणी वाया जात असेल, तर वर्षाला दीड लाखाच्या घरात युनिट केवळ जमीन भिजवण्यासाठी जळतात. पंपाचा आतला पंखा झिजलेला असेल, तर हा खर्च आणखी दीडपट होतो. झिजलेला पंप बंद पडत नाही. तो नेहमीसारखाच आवाज करतो, फक्त त्याच विजेत कमी पाणी देतो, आणि उपशावर मीटर नसेल तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पाणीगळती म्हटले, की वर्तमानपत्रात रस्त्यावर उसळलेल्या कारंज्याचे छायाचित्र येते. खरे तर अशी मोठी फुटतूट कमी नुकसान करते, कारण ती दिसते आणि काही तासांत दुरुस्त होते. खरे नुकसान करतात ते सांधे, घरगुती जोडण्यांचे खोगीर आणि न मिटणारे व्हॉल्व्ह. पाच मिलीमीटरचे एक छिद्र घ्या. पंधरा मीटर उंचीच्या टाकीचा दाब त्यावर असेल, तर तासाला सुमारे सातशे तीस लिटर पाणी बाहेर पडते. रोज तीन तास पाणी सोडले जात असेल, तर सव्वादोन हजार लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हा चाळीस माणसांचा दिवसाचा वाटा झाला. कोकणातल्या मुरमाड, उताराच्या जमिनीत हे पाणी वर येईलच असे नाही. ते शेजारच्या ओढ्यात किंवा गटारात निघून जाते, आणि पावसाळ्याचे चार महिने तर ओल कशाची आहे हे कुणीच सांगू शकत नाही.

कमी वेळ पाणी सोडले की गळती कमी होते, असा एक समज आहे. काही अंशी तो खरा आहे. वरचेच छिद्र चोवीस तास दाबाखाली राहिले, तर साडेसतरा हजार लिटर गमावेल. म्हणजे कमी तासांचा पुरवठा गळती झाकून ठेवतो, ती बरी करत नाही. उलट रोज रिकामी होणारी आणि रोज भरणारी जलवाहिनी अधिक लवकर खिळखिळी होते. पाणी सोडताना नळीतली हवा दाबली जाते, पाण्याचा लोंढा वळणावर आदळतो, सांध्याचे रबर सरकते. लोखंडी नळी एकदा ओली, एकदा कोरडी होत राहिली की आतून गंजते. गंजाच्या गाठींनी खडबडीत झालेल्या नळीतून तेवढेच पाणी ढकलायला घर्षणाचा भार तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि तो भार पंप उचलतो. जुन्या जलवाहिनीत गळती आणि विजेची उधळपट्टी हे दोन वेगळे आजार नसतात.

यात उंचसखलपणाची भर पडते. खोपोलीसारख्या डोंगराच्या कुशीतल्या शहरात किंवा कर्जतच्या वाढत्या वस्त्यांत एका टाकीवर खालची आळी आणि वरची आळी दोन्ही अवलंबून असतात. वरच्यांना पाणी पोहोचावे म्हणून दाब वाढवला, की खालच्यांच्या नळ्यांवर तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडतो. लोखंडी नळीतले छिद्र दाब वाढला तरी तेवढेच राहते. पीव्हीसी किंवा एचडीपीई नळीतली भेग दाबाने उघडते आणि गळती दाबाहूनही वेगाने वाढते. गावोगावच्या योजनांत अशाच नळ्या जास्त आहेत. पाणी सोडणारा माणूस, ज्याला सगळे व्हॉल्व्हमन म्हणतात, तो रोज या पेचात असतो. कुणाची चावी किती फेरे उघडायची हे त्याच्या हाताला ठाऊक असते, ते कागदावर कुठेच नसते. तो निवृत्त झाला की गावाच्या जलवाहिनीचा नकाशाही त्याच्याबरोबर जातो.

ज्या छिद्रातून पाणी बाहेर जाते, त्याच छिद्रातून ते आतही येते. आरोग्याच्या दृष्टीने हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि पाणीपट्टीच्या वादात तो कायम मागे पडतो. पुरवठा बंद झाला की नळीतले पाणी खालच्या घरांत उतरते आणि मागे पोकळी तयार होते. त्यात कुणी नळालाच टुल्लू पंप लावून ओढत असेल, तर ही पोकळी आणखी वाढते. गटाराशेजारून किंवा शोषखड्ड्याजवळून गेलेल्या नळीच्या भेगेतून तिथले पाणी आत खेचले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी कितीही चांगले असो, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धारेबरोबर ही घाण घरात येते. कावीळ, विषमज्वर आणि गॅस्ट्रोच्या साथी पावसाळ्याच्या तोंडावर किंवा टंचाईत का उफाळतात, याचे एक कारण इथे आहे. टीसीएल पावडर वाढवून हे पूर्ण भागत नाही. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे असा भारतीय मानकाचा दंडक आहे. मध्येच मिसळलेल्या सांडपाण्यात ते संपून जाते.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. हुबळी-धारवाड शहरांच्या काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला आणि उरलेल्या शहरात काही दिवसांआड पाणी येतच राहिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांना त्यामुळे एकाच शहरात, एकाच स्रोताच्या पाण्यावर तुलना करता आली. विष्ठेच्या प्रदूषणाची खूण असलेला ई. कोलाय हा जिवाणू अधूनमधून पाणी येणाऱ्या भागातल्या नळांच्या जवळजवळ एकतृतीयांश नमुन्यांत सापडला. अखंड पुरवठ्याच्या भागात शंभरात एकाहूनही कमी नमुन्यांत. मुलांच्या एकूण जुलाबांत मात्र या संशोधकांना लक्षणीय घट दिसली नाही. रक्ती जुलाब आणि विषमज्वराच्या तक्रारी कमी आढळल्या. म्हणजे नळ सुधारला की सगळे आजार पळतात असा दावा कुणी करू नये. साठवण, शौचालये, हात धुणे हे प्रश्न उरतातच. पण नळातून येणारे पाणी दूषित होण्याचा मोठा भाग नळीतच घडतो, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले.

इतके असूनही पाण्याची ओरड झाली, की उत्तर एकच येते. नवी योजना, मोठा पंप, जास्त क्षमतेची टाकी. कर्जत आणि खालापूर ही वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारी भूमी. त्यातही वीजघरांच्या पाण्यामुळे पेज आणि पाताळगंगेला उन्हाळ्यातही प्रवाह असतो, ही महाराष्ट्रातल्या फार थोड्या तालुक्यांना लाभलेली गोष्ट. तरीही एप्रिल-मे महिन्यांत इथल्या आदिवासी वाड्यांवर टँकर जातात. नदीत पाणी नसल्यामुळे हे घडत नाही. ते वाटेत हरवते किंवा वाडीपर्यंत चढत नाही म्हणून घडते. गळक्या जाळ्यात मोठ्या पंपाने अधिक पाणी ढकलले, तर दाब वाढतो आणि दाबाबरोबर गळती वाढते. नव्या योजनेचे पहिले वर्ष चांगले जाते, तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच, असा अनुभव राज्यभरच्या गावांनी घेतला आहे.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले, तेव्हा २०२४ पर्यंत घरोघरी नळ हे उद्दिष्ट होते. ती मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. घरोघरी नळ मोजले गेले, ते चांगलेच झाले. नळाशिवाय पुढची चर्चाच व्यर्थ आहे. पण किती नळ जोडले याचा आकडा जितक्या तत्परतेने वर कळवला जातो, तितक्या तत्परतेने किती पाणी उपसले आणि किती पोहोचले हा आकडा कुणी मागत नाही. जे मागितले जात नाही ते मोजलेही जात नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ साली शहरांसाठी सेवांचे निकष ठरवले. त्यांत बेहिशेबी पाणी वीस टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले आहे. आता ज्या गावात ना टाकीच्या तोंडाशी मीटर, ना घरांना, तिथे बेहिशेबी पाणी वीस टक्के आहे की पन्नास, हे सांगणार कोण? अहवालात भरलेला आकडा अंदाजपंचेच असतो.

या तालुक्यांची वस्तीही बदलते आहे. फार्महाऊस, दुसरी घरे, नेरळ-कर्जत पट्ट्यातल्या इमारती आणि पनवेल-कर्जत या नव्या रेल्वेमार्गाच्या आशेने वाढलेली बांधकामे, हा सगळा भार पूर्वीच्या छोट्या गावांसाठी टाकलेल्या नळ्यांवर येतो. प्रत्येक नवी जोडणी म्हणजे मुख्य नळीला पाडलेले आणखी एक भोक. ते नीट मिटवले नाही तर पुढची वीस वर्षे ठिबकत राहते. जोडणी देताना खोगीर कोणत्या प्रतीचे आणि ते कुणी बसवले याची नोंद ठेवायला पैसा लागत नाही. रस्त्याचे डांबरीकरण आणि केबलसाठी खोदकाम करणाऱ्यांकडून नळीचा नकाशा पाहिल्याची सही घ्यायलाही लागत नाही. मुळात तो नकाशा असायला हवा.

मीटर म्हटले की विरोध होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. आधी पाणी द्या, मग मोजा, असे लोक म्हणतात. त्यांना भीती असते की मीटर फक्त बिल वाढवण्यासाठी येतो. म्हणून सुरुवात घरापासून न करता टाकीपासून करावी. उपशाला एक मीटर, प्रत्येक टाकीच्या निर्गमनाला एक आणि पंपाच्या वीजजोडणीवर मीटर आहेच. एवढ्यावर दोन आकडे दरमहा निघतात: किती लिटर सोडले, आणि हजार लिटरमागे किती युनिट जळले. पहिला आकडा गळतीची दिशा दाखवतो, दुसरा पंपाची तब्येत. हजार लिटरमागचे युनिट सहा महिन्यांत पंधरा-वीस टक्क्यांनी चढले, तर पंप उघडून पाहायला हवा, किंवा नळीत काही अडले आहे. रायगडमधल्या ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोताच्या तपासणीनंतर हिरवे, पिवळे वा लाल कार्ड मिळते. पंचायतीच्या भिंतीवर त्या कार्डाशेजारी हे दोन आकडे लागले, तर ग्रामसभेला प्रश्न विचारायला काही हातात येईल.

घरगुती मीटरचा प्रश्न त्यानंतरचा. कराडजवळच्या मलकापूरमध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठा सुरू केला, तो प्रत्येक जोडणीला मीटर लावून आणि वापर वाढेल तसा चढा दर ठेवून. कमी वापरणाऱ्याचे बिल कमी राहिले, त्यामुळे विरोध मावळला. छोट्या गावाला हे जमते, हे तिथे दिसले. आणि मोठ्या, मोडकळलेल्या शहरालाही जमते. कंबोडियाची राजधानी नॉमपेन्ह १९९३ साली यादवीतून बाहेर पडत होती, तेव्हा तिच्या जाळ्यात सोडलेले ७२ टक्के पाणी बेहिशेबी होते. एक सोन चान या अभियंत्याच्या कारकिर्दीत ते प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आले. सगळ्या जोडण्यांना मीटर, बड्या थकबाकीदारांचीही जोडणी तोडण्याची तयारी, आणि गळतीवर रात्री धावणारी माणसे, हा त्यामागच्या युक्तीचा मोठा भाग. चान यांना २००६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.  सध्या नगरपरिषदांना उपग्रह आणि संगणकीय संवेदकांच्या जाळ्यांची महागडी यंत्रणा विकणारे बरेच आहेत. टाकीवर साधा मीटर नसलेल्या गावाने तिच्या नादी लागू नये.

तपासणीची सर्वांत स्वस्त पद्धत तर जवळजवळ फुकट आहे. रात्री घरांच्या टाक्या भरून झाल्या, की मुख्य टाकी भरून तिचे निर्गमन उघडेच ठेवायचे आणि पाण्याच्या पातळीची खूण करायची. आतून सहा मीटर व्यासाच्या टाकीत पाणी दोन तासांत दहा सेंटिमीटर उतरले, तर अठ्ठावीसशे लिटरच्या आसपास पाणी गेले. तासाला चौदाशे लिटर, म्हणजे आधी सांगितलेल्या मापाची दोन छिद्रे. मग एकेका आळीचा व्हॉल्व्ह बंद करत जायचे. ज्या व्हॉल्व्हनंतर पातळी स्थिरावते, गळती त्याच्या पलीकडे आहे. हे करताना दोन अडचणी हमखास येतात. अनेक व्हॉल्व्ह मिटतच नाहीत; आणि अनेक नळांना तोटीच नसते, त्यामुळे गळती कोणती आणि उघडा नळ कोणता हे कळत नाही. म्हणून पहिला खर्च व्हॉल्व्ह आणि तोट्या यांवर व्हावा. त्यात उद्घाटनाची फीत कापण्यासारखे काही नाही, हीच त्या कामाची खरी अडचण.

दुसरा खर्च दाबाच्या वाटणीवर. वरच्या आणि खालच्या आळ्या वेगळ्या विभागांत टाकल्या, खालच्या विभागाच्या तोंडाशी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला, तर खालचा दाब निम्मा करून न बुजवलेल्या छिद्रांतलीही जवळपास तीस टक्के गळती थांबते. प्लॅस्टिकच्या नळ्यांत त्याहून अधिक. खणावे न लागता. जाळ्यातून वाहणारे पाणी पाचव्या हिश्शाने घटले, तर नळीतले घर्षण सुमारे एकतृतीयांशाने घटते, त्यामुळे वाचलेल्या पाण्याच्या प्रमाणापेक्षा वीज जास्त वाचते. नळ्या बदलण्याचे मोठे काम त्यानंतर, आणि सगळीकडे नाही. ज्या तुकड्यात वारंवार फुटतूट होते तिथेच.

हा हिशेब टाळल्याची किंमत मात्र समान वाटली जात नाही. दाब कमी पडला की पहिली तहानलेली राहते ती जलवाहिनीच्या टोकाची आणि उंचावरची वस्ती. कर्जत-खालापुरात ती बहुतेकदा ठाकर वा कातकरी वाडी असते. गावठाणात नळ दोन तास वाहतो, वाडीत पंधरा मिनिटे गुरगुरतो. वाडीतली बाई मग कोरड्या नळाखालून हंडा उचलते आणि ओढ्यातल्या डवऱ्याकडे जाते. शिवाय, ग्रामपंचायतीचे वीजबिल थकले की पंपाची वीज तोडली जाते, आणि तेव्हा टँकर मागवण्याची ऐपत असलेले निभावून नेतात. ज्या बिलापायी ही वेळ येते, त्यातला मोठा भाग कुणाच्याच घशात न गेलेल्या पाण्याचा असू शकतो.

पुढच्या उन्हाळ्यासाठी हे करायचे तर वेळ ठरलेली आहे. ऑक्टोबरअखेर जमीन सुकू लागते आणि गळतीची ओल पावसाच्या ओलीपासून वेगळी ओळखता येते. नगरपरिषदांची अंदाजपत्रके फेब्रुवारीत मंजूर होतात, पंचायतींचे आराखडेही हिवाळ्यातच लिहिले जातात. टाकीवरची रात्रीची चाचणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाली, तर व्हॉल्व्ह, तोट्या आणि टाकीच्या मीटरची तरतूद त्या कागदांत जाऊ शकते. मार्चनंतर केलेल्या चाचणीचा उपयोग फक्त टँकरच्या फेऱ्यांचा अंदाज बांधायला होतो.